शाडे चाळीस दिवसांत कसा ऐकायचा

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, दादा शाडेची दोन-तीन चांगली गाणी सांग ना. बेलापूर स्टेशनवर उभे होतो, ठाण्याची गाडी लागत होती, मी म्हटलं दोन-तीन नाही सांगत, तुझ्याकडे चाळीस दिवस आहेत का? ती हसली पण मी खरंच विचारत होतो. गाडीत गर्दीमुळे काही बोलता आलं नाही म्हणून आता नीट लिहून काढतोय, तिच्यासाठी पण आणि ज्यांना शाडे या इंग्लंडच्या बँडची अख्खी कारकीर्द सुरुवातीपासून ऐकायची आहे त्या सगळ्यांसाठी पण.

आधी नाव. सेड नाही, साडे पण नाही. शाडे, आणि जोर डे वर. गायिकेचं पूर्ण नाव हेलन फोलासाडे अडू, जन्म १९५९ चा, नायजेरियातल्या इबादान शहरातला, वडील नायजेरियन आणि आई इंग्लिश. चार वर्षांची असताना आईबरोबर इंग्लंडला आली, पुढे लंडनला सेंट मार्टिन्समध्ये फॅशन शिकली, गाणं त्यानंतर आलं.

आता त्याहून महत्त्वाचं. आपण सगळे म्हणतो 'शाडे ऐकली'. मी पण कितीतरी वर्षं तेच म्हणायचो. पण शाडे हे बँडचं नाव आहे, त्यामुळे खरं तर 'शाडे ऐकला' म्हणायला पाहिजे. चार माणसं आहेत: अडू गाते, स्टुअर्ट मॅथ्यूमन गिटार वाजवतो आणि सॅक्सोफोनही तोच, पॉल डेनमन बेसवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, अँड्र्यू हेल की-बोर्डवर. पहिल्या अल्बमपासून सहाव्या अल्बमपर्यंत हीच चार नावं. ड्रमर बदलले, ही चौघं नाही बदलली. कानाला हे एकदा सांगून ठेवलं की ऐकणंच बदलतं, कारण मग तुम्ही फक्त आवाजाच्या मागे धावत नाही.

पद्धत अशी आहे. शाडेचे स्टुडिओ अल्बम फक्त सहा: १९८४, १९८५, १९८८, १९९२, २०००, २०१०. वर्षं नीट बघा. मधलं अंतर एक, तीन, चार, आठ, दहा. वाढतच जातं. या बँडच्या कारकिर्दीत गप्प राहणं हा मोठा भाग आहे, आणि सहाही अल्बम आपण एका रविवारी सलग लावले की नेमका तोच भाग हातातून निसटतो. म्हणून एक वर्ष म्हणजे एक दिवस धरायचं. सोमवारी १९८४, मंगळवारी १९८५, मग तीन दिवसांनी शुक्रवारी १९८८, असं करत करत २०२४ पर्यंत. पहिला सोमवार शून्य धरला की बरोबर चाळीस दिवस होतात. मधल्या दिवसात शाडेचं काहीही लावायचं नाही, एक गाणंही नाही. बेस्ट ऑफ वाला अल्बम आहे, चांगला आहे, पण तो आत्ता नको, आणि शफल तर अजिबातच नको.

सोमवारीच सुरू करा, कारण मग दिवस फार छान पडतात, ते पुढे कळेलच.

तयारी फार नाही. रविवारी रात्री अल्बम डाऊनलोड करून ठेवा म्हणजे गाडीत नेटवर्क गेलं तरी गाणं मध्येच तुटणार नाही. इयरफोन कानात नीट घट्ट बसणारे पाहिजेत, महाग नसले तरी चालतील. कारण सांगतो. फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर जवळपास येतच नाहीत, म्हणजे पॉल डेनमन त्यात नसतोच, आणि शाडेमधून डेनमन काढला तर अर्धा बँड गेला. त्यात लोकलची घरघर पण खालच्याच पट्टीत असते, ती नेमकी बेसवर बसते. इयरफोन सैल असला की आपण आवाज वाढवत जातो, मग सॅक्स कानात टोचायला लागतो आणि बेस तरीही सापडत नाही. घट्ट बसला की निम्म्या आवाजातही सगळं ऐकू येतं. बेस वाढवायचं बटण बंद ठेवा, त्याने सूर वाढत नाही नुसता गिचका होतो. आणि इयरफोन लावून दारात उभं राहायचं नाही, आत जा.

मी ठाणे-बेलापूर करतो, ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेलची गाडी, पाऊण तास धरा. पहिला अल्बम ४४ मिनिटांचा. जाताना एकदा येताना एकदा, म्हणजे एका दिवसात दोनदा होतो, आणि माझा नियम असा की जाताना आवाज आणि येताना बेस. सकाळी अडूचं गाणं ऐका, शब्द कळले नाही तरी चालेल. संध्याकाळी तोच अल्बम फक्त डेनमनच्या मागे मागे जाऊन ऐका, तो कुठे वाजवतो आणि कुठे हात उचलतो. सुरुवातीला सापडणार नाही, घणसोली-कोपरखैरणेपर्यंत सापडेल.

तर सोमवार, १९८४, डायमंड लाइफ. याच्या आधी लंडनमध्ये प्राइड नावाचा बऱ्याच जणांचा बँड होता, त्यात अडू मागे उभं राहून गायची, त्यातूनच हे लोक बाहेर पडले. डेनमन इंग्लंडच्या हल शहरातला. अल्बम लंडनच्या पॉवर प्लांट स्टुडिओत झाला, प्रोड्युसर रॉबिन मिलर. त्या काळात इंग्लंडच्या पॉपमध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनची धमाल चालली होती, प्रत्येक गाणं भरगच्च, आणि यांनी सगळं रिकामं ठेवलं. गिटार एखादाच कॉर्ड मारून गप्प, पियानो दोन ओळींच्या मध्ये थोडासा, ड्रमवर जोरात ठोकण्यापेक्षा कडेला हलकी टिचकी.

पहिलं गाणं स्मूद ऑपरेटर, ते सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलंच असतं, हॉटेलात किंवा लिफ्टमध्ये. मी दुसऱ्यावर थांबा म्हणेन, युअर लव्ह इज किंग. सुरुवातच सॅक्सोफोनने होते. हे चारच्या ठेक्यात नाही. मांडीवर बोट ठेवून सहा मात्रांचा दादरा मोजा, धा धिं ना धा तिं ना, सावकाश. बसतो की नाही बघा. मी लहानपणी पाचपाखाडीत तबला शिकलो, फार नाही, तीन वर्षं, पण या गाण्याला दादरा बसला त्या दिवशी मला अंगावर काटा आला होता, कारण तोपर्यंत हे संगीत मला दुसऱ्या कोणाचं तरी वाटायचं. बोट मोजत असताना अडूकडे लक्ष द्या, ती समेवर येत नाही. किंचित मागून येते, अगदी केसभर, आणि दरवेळी. जॅझवाले गायक हे करतात, आणि आपल्याकडे ठुमरी गाणारेही करतात. ती जे गाते ते खर्जाच्या बाजूला, आवाज सहसा चढवत नाही, ताना नाहीत, हरकती पण मोजक्या. आपण भावगीतात म्हणतो ना काय जागा घेतलीय, इथे जागा घेतलेली नसते, जागा सोडलेली असते. आणि त्या सोडलेल्या जागेत मॅथ्यूमनचा सॅक्स येऊन उत्तर देतो. अडू आणि सॅक्स हे दोन गाणारे आहेत असं समजूनच ऐका.

तिसरं गाणं, हँग ऑन टू युअर लव्ह, संध्याकाळच्या फेरीसाठी राखून ठेवलं तरी चालेल, बेस म्हणजे काय हे कोणाला कळत नसेल तर मी हेच ऐकवतो. शेवटचं गाणं यांचं नाही, टिमी थॉमस या अमेरिकन गायकाचं १९७२ सालचं आहे. जुन्या सोलमधून, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या गाण्यातून, हे लोक काय घेऊन आले ते त्यात उघड दिसतं.

मला हा अल्बम मामाने दिला. मामा जहाजावर होता, नेरूळला घर, सुट्टीवर आला की बॅगेत कॅसेट असायच्या. डायमंड लाइफची कॅसेट इतकी वाजली होती की पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला टेप ताणली गेली होती, सॅक्स आधी अर्धा सूर खाली घसरायचा आणि मग सरळ व्हायचा. मला कितीतरी वर्षं वाटायचं की तो तसाच वाजवलाय. नंतर नीट कॉपी ऐकली तेव्हा ती घसरण नव्हती आणि मला करमेना. मामा टेप आत ढिली झाली की पेन्सिल घालून फिरवायचा, हळू, दोन बोटांनी, आणि आम्हाला हात लावू द्यायचा नाही.

सोमवारी रात्री जेवण झाल्यावर लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या कॉन्सर्टचा व्हिडिओ बघा. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, ७२ हजार माणसं, भर दुपार, सगळे मोठमोठे रॉक बँड आपापला जोर लावतायत आणि त्यात हे लोक येऊन तीन गाणी तेवढ्याच शांतपणे वाजवून जातात. तिसरं गाणं होतं इज इट अ क्राइम, ते तोपर्यंत रेकॉर्डवर आलेलंच नव्हतं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला ज्यांनी मोठी कॉन्सर्ट बघितली असेल त्यांना कळेल की एवढ्या उघड्यावर हळू वाजवायला काय धीर लागतो.

मंगळवारी सकाळी प्रॉमिस लावलात की पहिलं गाणं तेच येतं. सहा मिनिटांच्या वर. हे एकच गाणं असं आहे की त्यात अडू आवाज खरंच मोकळा सोडते, म्हणून रात्री व्हिडिओ आणि सकाळी हे, असं जोडून सांगितलं. या अल्बममध्ये पंच ड्रंक नावाचा एक तुकडा आहे, त्यात गाणंच नाही, नुसतं वादन. पुढच्या दोन अल्बमच्या शेवटी पण असं जवळपास नुसतं वादन सापडेल. गायिकेचं नाव बँडला दिलंय तरी गायिका बाजूला होते आणि बाकीचे वाजवतात. प्रॉमिस इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे एक नंबरला गेला, आणि १९८६ साली त्यांना बेस्ट न्यू आर्टिस्टचं ग्रॅमी मिळालं.

आणि इथेच पहिल्यांदा थांबायचं. बुधवार, गुरुवार काही नाही. दोन वर्षांत दोन अल्बम, दोन्ही तुफान चाललेले, तिसरा लगेच काढला असता तर तोही विकला गेला असता. नाही काढला.

शुक्रवार, १९८८, स्ट्राँगर दॅन प्राइड. आता प्रोड्युसर बाहेरचा नाही, बँडने स्वतः केलाय, थोडं काम बहामात जाऊन केलं. माझा सर्वात आवडता नाही हा, काही गाणी एकमेकांत मिसळून जातात, पण पॅराडाइजचा बेस येताना जरूर ऐका, मान आपोआप हलते. अमेरिकेत सोलच्या यादीत हे गाणं एक नंबरला होतं. गोऱ्या पोरांनी वाजवलेला बेस तिथल्या काळ्या श्रोत्यांनी आपला मानला, ही छोटी गोष्ट नाही.

मग चार दिवसांनी मंगळवार. १९९२, लव्ह डिलक्स. याच्यासाठी शक्य असेल तर उशिराची, कमी गर्दीची गाडी पकडा. नऊच गाणी. पहिलं नो ऑर्डिनरी लव्ह सात मिनिटांच्या वर जातं. सुरुवातीपासून मोजत बसा की त्यात नवीन काय काय येतं. फार काही येत नाही. तीच चाल, तोच जड संथ ठेका, आणि मॅथ्यूमनची गिटार, जी आधीच्या अल्बममध्ये नाजूक होती, ती इथे खालून गुरगुरते. बाकी कोणी असतं तर चौथ्या मिनिटाला काहीतरी धडाका आणला असता. हे लोक तुम्हाला त्या पाण्यात तसंच ठेवतात. ख्याल ऐकणाऱ्याला विलंबित समजवावं लागत नाही, तसं हे गाणं विलंबितासारखं ऐका, पुढे काय येणार याची वाट न बघता.

या अल्बमवर जॅझचा नाइटक्लबवाला रंग बराच उतरलाय, रात्रीचा काळोख आलाय. पर्ल्स नावाचं गाणं आहे, सोमालियातल्या एका बाईचं, रस्त्यावर सांडलेले दाणे वेचणाऱ्या बाईचं. मागे ड्रम नाहीत, ठेकाच काढून घेतलाय, फक्त लांब सूर. मी पहिल्यांदा हे तुर्भ्याच्या आसपास ऐकलं. तुर्भ्याला एपीएमसी मार्केट आहे, तिथे धान्याच्या गोण्या उतरतात तिथे खाली सांडलेलं झाडून गोळा करणाऱ्या बायका मी पाहिल्यात, मामाबरोबर वाशीला गेलो की दिसायच्या. ते गाणं मला त्या दिवसापासून सोमालियाचं एकट्याचं राहिलं नाही. येताना मी बेस ऐकायचा नियम पाळला नाही, ते गाणं परत आवाजासाठीच ऐकलं.

आता आठ दिवस. ही पहिली खरी परीक्षा. चौथ्या दिवशी हात शिवशिवेल, आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे तुमच्यासाठी एक सोय आहे. १९९२ नंतर चार म्हणजे १९९६, आणि दिवस येतो शनिवार. अडू सुट्टीवर असताना बाकीच्या तिघांनी, मॅथ्यूमन, डेनमन आणि हेल यांनी, स्वीटबॅक नावाने वेगळा अल्बम काढला. घरी बसून तो ऐका. आवाज दुसऱ्यांचे आहेत पण पहिल्या मिनिटात कळतं की हीच मंडळी. त्याच साली अमेरिकेत मॅक्सवेल या गायकाचा पहिला अल्बम आला, त्यात मॅथ्यूमनने बरंच काम केलंय, तो पण शनिवारीच ऐकून घ्या. पुढे लोक ज्याला निओ-सोल, म्हणजे नवं सोल, म्हणायला लागले त्याच्या घडणीत हल आणि लंडनची ही माणसं होती. नुसती शाडेची यादी लावून बसलो तर हे कधी कळत नाही.

परत गप्प, बुधवारपर्यंत. २०००, लव्हर्स रॉक. लव्हर्स रॉक ही खरं तर लंडनमध्ये सत्तरच्या दशकात तयार झालेली रेगेची, म्हणजे जमैकाच्या संगीताची, एक हळवी जात आहे, वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबातल्या मुलांनी केलेली. आठ दिवस थांबून हा लावलात की पहिल्याच गाण्यात फरक जाणवेल, बाय युअर साइड. जॅझ मागे सरकलाय, साधी गिटार पुढे आलीय, गायिका चाळिशीत आहे आणि आई झालीय. इमिग्रंट नावाचं गाणं परक्या देशात काळ्या माणसाला काय काय गिळावं लागतं त्याबद्दल आहे, आणि तेही ती ओरडून सांगत नाही. या अल्बमला ग्रॅमी मिळालं. माझ्या बायकोला फक्त हा एक अल्बम आवडतो, ती स्वयंपाक करताना लावते, मी वाद घालत नाही.

दोन दिवसांनी शुक्रवारी २००२ चा लाइव्ह अल्बम. जुनी गाणी इतक्या वर्षांनी त्याच माणसांनी वाजवलेली. 

यानंतर आठ दिवस खडखडाट. या दिवसात मी दुसरंच संगीत ऐकतो, जुनी भावगीतं, नाट्यपदं, एखाद्या संध्याकाळी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला काही कार्यक्रम असला तर तिथे. कान वेगळ्या गोष्टीवर गेले पाहिजेत, नाहीतर वाट बघणं नुसतं कॅलेंडरवर होतं.

सव्विसावा दिवस शनिवार. २०१०, सोल्जर ऑफ लव्ह. दहा वर्षं एक स्टुडिओ अल्बम नाही आणि आल्या आल्या अमेरिकेत एक नंबर, पहिल्या आठवड्यात पाच लाखांच्या वर प्रती. जाहिरातीने एवढं होत नाही हो, लोक खरंच थांबले होते. तुम्हीही दहा दिवस थांबलायत तर थोडं कळेल. हे गाडीत नको. मी सकाळी लवकर नेरूळला मामाकडे जातो, त्याच्याकडे आता चांगले स्पीकर आहेत. शीर्षकगीताचा ड्रम लष्करी संचलनासारखा चालतो, पन्नाशीतली बाई आणि तिच्यामागे ते रणवाद्य. पहिल्यांदा लावलं तेव्हा मामा काही बोलला नाही, अल्बमची पुस्तिका घेऊन चष्मा वर करून नावं वाचत बसला. मग म्हणाला, अरे, तेच चौघं आहेत. आणि कपाटातून जुनी कॅसेट काढून दोन्हीवरची नावं मला एकाखाली एक दाखवली. कॅसेटच्या कागदाची घडी पडलेली जागा पांढरी झालीय, डेनमनचं नाव नेमकं त्या घडीवर आहे, अर्धंच वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी २०११ च्या दौऱ्याचं चित्रीकरण बघा, घरच्यांबरोबर मोठ्या टीव्हीवर. त्यानंतरच्या रविवारी २०१८, त्या वर्षी दोन सिनेमांसाठी एकेक गाणं दिलं, पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

आणि चाळिसावा दिवस परत शनिवार. २०२४, यंग लायन. एका संकलनासाठी दिलेलं एकच गाणं. तिचा मुलगा ट्रान्सजेंडर आहे, आणि आपल्याला ते वेळेवर समजलं नाही म्हणून आईने मुलाची मागितलेली ही माफी आहे. सहा वर्षांनी तोंड उघडलं ते यासाठी. हे गाणं मी एकट्याने ऐका म्हणेन, संध्याकाळी, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर जागा मिळाली तर तिथे. एकदाच ऐका, लगेच परत लावू नका. आवाज थोडा जाड झालाय, चाळीस वर्षं झालीत. समेवर मात्र ती अजूनही किंचित मागूनच येते.

ऑफिसातल्या त्या मुलीने सोमवारी सुरू केलं. आज गुरुवार आहे. दुपारी येऊन विचारत होती, उद्याचा अल्बम आजच येताना लावला तर चालेल का. मी नाही म्हटलं.